एकाच डोक्यात तीन दुखणी, आणि डॉक्टर म्हणतायत ऑपरेशन करू. काय करावं?

शब्दवेडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज शेवटी बसलेच. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

मला गेली १९ वर्षं फिट्स येतात. खाली पडून हातपाय झाडायच्या नाहीत, तशा आयुष्यात चारदाच आल्या. माझ्या वेगळ्या आहेत. आधी पोटातून काहीतरी वर चढत येतं, पाळणा वरून खाली येताना होतं ना तसं, आणि मग मी बसल्या जागी नाहीशी होते. डोळे उघडे असतात म्हणे, ओठांची चुळबुळ चालू, डावा हात ओढणीचं टोक चुरगाळत असतो आणि उजवा आखडलेला. दीडेक मिनिटात संपतं. पण त्यानंतर अर्धा तास मला शब्द सापडत नाहीत. समोर पेन धरलं तर हे लिहायचं आहे एवढं कळतं, पण त्याला काय म्हणतात ते तोंडात येत नाही.

महिन्याला ५-६ होतात. चार औषधं करून झाली, सध्या दोन चालू आहेत. त्यातलं एक टोपिरामेट, कारण मला लहानपणापासून अर्धशिशी आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी म्हणून दिलेलं. आणि गेल्या वर्षी तिसरं दुखणं कळलं. व्हिडिओ ईईजीसाठी (डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेची नोंद, सोबत कॅमेरा) सहा दिवस अ‍ॅडमिट होते त्यात सात अटॅक रेकॉर्ड झाले. पाच डाव्या टेम्पोरल लोबमधून (कानाच्या आतल्या बाजूचा मेंदूचा भाग) निघालेले, आणि दोन असे की बाहेरून मी थरथरतेय पण ईईजीवर काही नाही. त्याला फंक्शनल सीझर्स म्हणाले. घरच्यांना सांगितल्यावर एका नातेवाईकाने विचारलं की म्हणजे ते नाटक का? ते अजून मनातून जात नाहीये.

आता मुद्दा. एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस (आठवणी तयार करणारा भाग, डावीकडचा जास्त करून शब्दांच्या) आक्रसलेला दिसतोय. डॉक्टर म्हणाले तुम्ही सर्जरीला योग्य आहात, टेम्पोरल लोबचा पुढचा भाग काढता येईल. आणि मी भाषांतर आणि मुद्रितशोधन करते. शब्दांवरच माझं पोट आहे. न्यूरोसायकॉलॉजिस्टने चार तास चाचण्या घेऊन सांगितलं की तुमची शब्दांची स्मरणशक्ती अजून चांगली आहे, म्हणूनच गमावण्यासारखंही जास्त आहे.

ऑपरेशनने तिन्हीतलं एकच दुखणं जाणार, तेही नक्की नाही, वर शब्द जायची भीती. तर डोकं उघडू द्यावं का? ज्यांनी केलंय, ज्यांनी नाही म्हटलंय, सगळ्यांचं ऐकायचंय.

मनमोकळा

वाचतोय. बाकी काही सुचत नाही पण त्या नातेवाईकाचं मनावर घेऊ नकोस. नाटक करणारा माणूस सहा दिवस डोक्याला तारा चिकटवून बसत नाही.

अबोली७

मनमोकळा +१

शब्दवेडी ताई, माझ्या भावाला हेच आहे (फिट्स + फंक्शनल). आम्ही दोन वर्षं दोन्हींना एकच समजत होतो आणि प्रत्येक अटॅकनंतर औषध वाढत गेलं. तो नुसता झोपून असायचा. वेगवेगळं कळलं तेव्हा उलट औषध कमी झालं. तुझ्या ५-६ मधले खरे किती आणि दुसरे किती हे माहीत आहे का? की सगळे मिळून ५-६?

शब्दवेडी

सगळे मिळून. वेगळे मोजलेच नाहीत कधी.

रानवारा

माझं झालंय ऑपरेशन, सहा वर्षांपूर्वी. पण उजव्या बाजूचं, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत माझा अनुभव तुला जसाच्या तसा लागू नाही हे आधीच सांगतो. उजवीकडे जास्त करून चित्रं, रस्ते, चेहरे लक्षात ठेवायचं काम असतं असं मला समजावलं होतं.

मला आठवड्याला दोन-तीन यायच्या आणि पाच औषधं झाली होती. ऑपरेशन साडेपाच तास चाललं, हे अर्थात बायकोने सांगितलं. जाग आली तेव्हा पहिलं जाणवलं ते डोकं नाही तर जबडा. कानाच्या पुढून चीर घेतात, तिथला चावायचा स्नायू बाजूला करावा लागतो, त्यामुळे तोंड दोन बोटांएवढंच उघडायचं. टूथब्रश आडवा जाईना. हे कुणीच आधी सांगितलं नव्हतं. आरशासमोर बोटं घालून रोज थोडं थोडं उघडायचा व्यायाम केला, सात-आठ आठवडे लागले. टाळूचा एक पट्टा अजून बधिर आहे, कंगवा फिरवताना मधेच गायब होतो. पहिले काही दिवस डोक्यात टकटक ऐकू यायची, रात्री घाबरून नर्सला बोलावलं तर म्हणाली हाड बसतंय, होतं असं.

आणि डाव्या डोळ्याच्या नाही, डाव्या बाजूच्या (दोन्ही डोळ्यांनी) वरच्या कोपऱ्यातलं थोडं कमी दिसतं. दृष्टीची एक नस टेम्पोरल लोबमधून वळसा घालून जाते, तिथे थोडा धक्का लागतो. हे मात्र सांगितलेलं होतं. वरच्या कपाटाचं उघडं दार दोनदा कपाळाला लागलंय.

फिट्स? पहिल्या आठवड्यात एक आली, त्यानंतर आजपर्यंत नाही. औषधं चालू आहेत, पाचावरून एकावर आलो. अर्धशिशी मलाही होती, ती तशीच आहे. तिला माझ्या ऑपरेशनशी काही देणंघेणं नव्हतं.

करावं का? मी परत करीन. पण सहावा महिना फार वाईट गेला. सगळे म्हणत होते आता बरा झालास, आणि मी खोलीत बसून रडायचो, कारण कळायचं नाही. डिप्रेशन होतं ते. त्यावर औषध घ्यावं लागलं. ही गोष्ट कुणी आधी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिली.

संध्या_क

रानवारा, फार प्रामाणिक प्रतिसाद. जबड्याचं तर पहिल्यांदाच वाचलं.

कोरा_कागद

मी दुसरी बाजू मांडतो, कुणी रागावू नका.

माझ्या बहिणीचं डाव्या टेम्पोरलचं ऑपरेशन झालं. चौदा महिने एकही नाही, घरात आनंदीआनंद. पंधराव्या महिन्यात परत सुरू. आधीपेक्षा कमी आहेत हे खरं, पण आहेत. आणि नावं गेली. भाच्याच्या वर्गशिक्षिकेला दोन वर्षं ओळखत होती, समोर आल्या की हसायची आणि मग माझ्याकडे बघायची, की नाव सांग. ती वकिली करायची. आता घरून कागदपत्रं तपासते, कोर्टात उभी राहत नाही. कारण ऐनवेळी साक्षीदाराचं नाव आलं नाही तर?

डॉक्टर टक्केवारी सांगतात. टक्क्यात माझी बहीण दिसत नाही. शब्दवेडी, तू शब्दांवर जगतेस, तुझ्या जागी मी असतो तर नको म्हटलं असतं.

रानवारा

कोरा_कागद, बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पण एक विचारू का, तिला विचारलं तर ती काय म्हणते? केलं ते चुकलं म्हणते का?

कोरा_कागद

नाही म्हणत. ती म्हणते खाली पडून येणाऱ्या बंद झाल्या, त्यासाठी पुन्हा करीन. मला ते पटत नाही, पण ती म्हणते हे खरं आहे.

ईईजीवाली

मी ईईजी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. उपचाराचं सांगणार नाही, पण इथे बऱ्याच गोष्टींची सरमिसळ होतेय म्हणून लिहिते.

एक, औषधं बदलत राहिलं की एखादं लागू पडेलच असं सगळ्यांना वाटतं. २००० साली क्वान आणि ब्रोडी यांनी ५२५ पेशंट्सचा अभ्यास छापला होता. त्यातल्या आधी औषध न घेतलेल्या ४७० जणांत पहिल्या औषधाने ४७ टक्के लोकांचे झटके थांबले, दुसऱ्याने आणखी १३ टक्के, आणि त्यापुढे सगळी मिळून फक्त ४ टक्के. म्हणून दोन योग्य औषधं नीट देऊन उपयोग झाला नाही की त्याला औषधाला न जुमानणारी एपिलेप्सी (फिट्सचा आजार) म्हणतात आणि सर्जरीचा विचार सुरू करतात. चौथ्या औषधानंतर सर्जरीचं नाव काढलं म्हणजे डॉक्टर घाई करतायत असं नाही, उलट उशीरच म्हणायचा.

दोन, कोरा_कागद यांचा टक्क्यांचा मुद्दा. कॅनडातला २००१ सालचा अभ्यास बऱ्याच ठिकाणी सांगतात. टेम्पोरल लोब एपिलेप्सीचे ८० पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ४० सर्जरीला आणि ४० औषधांवर. एक वर्षाने भान हरपणारे झटके पूर्ण थांबलेले सर्जरीच्या गटात ५८ टक्के, औषधाच्या गटात ८ टक्के. आणि त्या वर्षात एक मृत्यू झाला तो औषधांच्या गटात. म्हणजे ऑपरेशन न करणं हा काही बिनधोक पर्याय नाही. एपिलेप्सी असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला साधारण हजारात एकाचा अचानक मृत्यू होतो, आणि मोठे झटके ताब्यात नसतील तर धोका त्याहून जास्त.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. शब्दवेडी, तुझी स्मरणशक्तीची चाचणी टोपिरामेट चालू असताना झाली का? त्या औषधाने मुळातच शब्द सुचायला वेळ लागतो, खूप पेशंट सांगतात हे. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी फिट आली होती का? हे दोन्ही न्यूरोसायकॉलॉजिस्टला सांगितलंस का? (औषध स्वतःहून कमी करू नकोस!! एकदम बंद केलं तर झटके थांबेनासे होऊ शकतात, त्यात जीवाला धोका आहे.)

शब्दवेडी

अगं हो, २०० मिलिग्राम चालू होतं. सांगितलं होतं गोळ्यांच्या यादीत, पण कुणी त्यावर काही बोललं नाही. आणि आदल्या रात्री एक येऊन गेली होती, ते सांगायचं सुचलंच नाही मला.

ईईजीवाली

मग पुढच्या भेटीत हेच आधी विचार.

एक_वाचक

थोडं वेगळं विचारतो. मेंदूचं ऑपरेशन जागं ठेवून करतात हे खरं का? आणि मी कुठेतरी वाचलं होतं की एका माणसाचा हाच भाग काढला आणि त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ते वाचल्यापासून मला तर मेंदूचं ऑपरेशन म्हटलं की तेच आठवतं.

ईईजीवाली

तो हेन्री मोलेसन. १९५३ साली त्याच्या दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पसकडचे भाग काढले होते. झटके कमी झाले पण पुढची ५५ वर्षं, २००८ मध्ये जाईपर्यंत, त्याला नवीन आठवण साठवता आली नाही. रोज भेटणारी माणसंही त्याला रोज नवीन. त्याच्यामुळेच जगाला कळलं की आठवण कुठे तयार होते, आणि म्हणूनच आता दोन्ही बाजू काढत नाहीत, आणि एक काढण्याआधी दुसरी नीट काम करतेय ना हे तपासतात. शब्दवेडीला जे होऊ शकतं ते तसं नाही. नाव चटकन न आठवणं आणि काल भेटलेला माणूसच न आठवणं यात फार अंतर आहे.

जागं ठेवतात ते खरं. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, कातडीला आणि वरच्या आवरणाला कळते, तिथे भूल देतात. माँट्रियलला पेनफिल्ड या सर्जनने १९३० च्या सुमारास पेशंटला बोलतं ठेवून बारीक करंट देत देत मेंदूचा नकाशाच काढला. आजही भाषेच्या भागाजवळ काम असेल तर चित्रं दाखवून नावं विचारतात, नाव अडलं की सर्जन तिथे हात लावत नाहीत. पण सगळ्यांना जागं ठेवत नाहीत, गरज असेल तरच.

घड्याळवाला

माझं थोडं अवांतर आहे पण धाग्याच्या नावात एकापेक्षा जास्त दुखणी आहेत म्हणून लिहितो.

वडिलांना पार्किन्सन्स, शिवाय मधुमेहामुळे पायाच्या नसा बधिर. डीबीएस केलं, म्हणजे मेंदूत दोन बारीक तारा आणि छातीत कातडीखाली बॅटरी. १९८७ मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलला बेनाबिद या सर्जनने ही पद्धत सुरू केली. आमच्या डॉक्टरांनी आधी वडिलांना अर्धा दिवस गोळीशिवाय ठेवून तपासलं, मग गोळी देऊन तपासलं आणि म्हणाले, जे गोळीने सुधारतंय तेच तारेने सुधारेल, फक्त कंप त्याला अपवाद. तोल गोळीने सुधारत नाही तर तारेनेही नाही सुधारणार.

झालंही अगदी तसंच. मशीन चालू करून सेटिंग बसवलं त्या दिवशी वडिलांनी खिशातून जुनं घड्याळ काढलं, चावी दिली आणि वेळ लावली. अकरा वर्षांनी. आई बघतच राहिली. मग म्हणाली, आता घरात दोन रिमोट झाले आणि दोन्ही ह्यांच्याच हातात. पण चालताना तोल अजून जातो. बधिर पायांसाठी काठी आहेच. आम्हाला आधी सांगितलं नसतं तर काठी बघून वाटलं असतं की ऑपरेशन फसलं.

मनमोकळा

दोन रिमोटवर आईंना सलाम.

निळीछत्री

घड्याळवाला काकांनी लिहिलं त्यावरून मलाही लिहावंसं वाटलं. मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदूतल्या नसांचं आवरण खराब होतं तो आजार) आहे, ११ वर्षं. चार वर्षांपूर्वी उजव्या गालात विजेचा झटका बसल्यासारखं सुरू झालं. वारा लागला तरी, दात घासताना तर हमखास, दोन सेकंदांचं असतं पण माणूस कोलमडतो. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं. कार्बामाझेपिनने आधी थांबलं, मग डोस वाढत गेला आणि मला चालताना भोवळ यायला लागली, एमएसमुळे चाल आधीच बरी नव्हती.

मी नेटवर वाचून ठरवूनच गेले होते की डोकं उघडून नसेला चिकटलेली रक्तवाहिनी बाजूला करायचं ऑपरेशन करून घ्यायचं, कारण त्याचे निकाल फार चांगले. सर्जनने एमआरआय लावला आणि बोट ठेवून दाखवलं, तुमच्या नसेला रक्तवाहिनी चिकटलेलीच नाहीये. नस मेंदूत शिरते तिथे एमएसचा डाग आहे, त्याने होतंय. बाजूला काय करू? मग गालातून सुई घालून फुग्याने नस दाबायची छोटी प्रक्रिया केली. गाल बधिर झाला, दाताच्या डॉक्टरकडून भूल घेतल्यावर वाटतं तसा कायमचा. दुखणं ९० टक्के गेलं. परत येऊ शकतं हे माहीत आहे, आलं तर परत करीन.

मला त्या सर्जनबद्दल आदर वाटतो तो त्याने ऑपरेशन केलं नाही म्हणून. शब्दवेडी, तुझ्या सर्जनला सरळ विचार की माझ्या कुठल्या त्रासाला तुम्ही हात घालणार आणि कुठल्याला नाही, आणि ते कागदावर लिहून घे.

संध्या_क

शेवटच्या ओळीला प्रचंड अनुमोदन.

कोरा_कागद

निळीछत्री यांचा प्रतिसाद पटला. माझा विरोध ऑपरेशनला नाहीये, मला राग याचा आहे की बहिणीला 'थोडा फरक पडेल' एवढंच सांगितलं होतं. नावं जातील असं कुणी स्पष्ट म्हटलं असतं तर तिने आधी तयारी केली असती. आता ती प्रत्येकाच्या फोटोखाली नाव लिहून फोनमध्ये ठेवते, आणि बाहेर पडण्याआधी पाच मिनिटं ते बघते. हे आधीच शिकवता आलं असतं ना?

अबोली७

शब्दवेडी ताई, आम्ही भावासाठी एक केलं ते सांगते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांची पेनं. डोळे उघडे, ओठांची चुळबुळ, नंतर शब्द नाहीत, तर लाल. डोळे घट्ट मिटलेले, थरथर कमी-जास्त होतेय, दहा दहा मिनिटं चाललीय, तर हिरवा. नक्की कळलं नाही तर पेन्सिल. तीन महिन्यांनी ते कॅलेंडर डॉक्टरांपुढे ठेवलं तर त्यांनी फोटो काढून घेतला.

ईईजीवाली

मिटलेले डोळे ही खूण बऱ्यापैकी खरी आहे पण शंभर टक्के नाही, त्यामुळे जमेल तेव्हा मोबाइलवर व्हिडिओ पण घ्या, चेहरा दिसेल असा. आणि फंक्शनल हे खरे असतात. मेंदूच करतो ते, फक्त विजेचा लोळ नसतो. त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायची बोलण्याची थेरपी) करतात, त्याने खूप जणांचे कमी होतात. सर्जरीने ते जात नाहीत. सर्जरीनंतरही चालू राहिले तर लोकांना वाटतं ऑपरेशन फसलं, घड्याळवाला यांच्या काठीसारखंच.

एक_वाचक

फार शिकायला मिळतंय या धाग्यात. वाचनखूण साठवली.

*(अडीच महिन्यांनंतर)*

शब्दवेडी

धागा वर काढतेय. इतक्या जणांनी मनापासून लिहिलंत, काय झालं ते सांगायला हवं.

अबोलीचं ऐकून कॅलेंडर लावलं. नवऱ्याकडे लाल पेन आणि मुलीकडे हिरवं, तिनेच मागून घेतलं. ती नऊ वर्षांची आहे. पहिल्या महिन्यात लाल ३, हिरवे ४, पेन्सिल १. मला वाटत होतं सगळे मिळून पाच-सहा, तर आठ निघाले, कारण रात्रीचे मी धरतच नव्हते. त्याच महिन्यात सीबीटी सुरू केलं. हिरव्याच्या आधी माझा श्वास वर वर चालतो आणि बोटांना मुंग्या येतात हे मला स्वतःला पहिल्यांदा कळलं, मुंग्या मी टोपिरामेटच्या समजत होते. आता तेवढ्यात पाय जमिनीवर दाबून खोलीतल्या वस्तू मोठ्याने मोजते. या महिन्यात हिरवा एकच आहे.

लाल तीनच. एकही कमी झाला नाही.

निळीछत्रीने सांगितलं तसं डॉक्टरांपुढे कागद ठेवला. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: लालसाठी ऑपरेशन, हिरव्यासाठी नाही, अर्धशिशीसाठी नाही. खाली सही केली. आणि कोरा_कागद, मी तुमच्या बहिणीचं नाव न घेता सगळं सांगितलं आणि विचारलं की माझी नावं जातील का, हो किंवा नाही. ते म्हणाले, हो, काही जातील असं धरून चाला, किती ते मला आज सांगता येत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, का ते कळत नाही.

त्यांच्या देखरेखीखाली टोपिरामेट हळूहळू निम्मं केलं आणि चाचणी परत घेतली, आधीचे तीन दिवस एकही अटॅक नसताना. पंधरा शब्दांची यादी वाचून दाखवतात, अर्ध्या तासाने विचारतात. मागच्या वेळी ८ आठवले होते, या वेळी १२. बाहेर येऊन नवऱ्याला मिठीच मारली. आणि घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की म्हणजे आता जायला अजून चार शब्द आहेत. त्या रात्री झोप नाही लागली. अर्धशिशी पण वाढलीय टोपिरामेट कमी केल्यापासून, त्याला दुसरं काही देणार आहेत.

फंक्शनल एमआरआय (बोलताना मेंदूचा कुठला भाग काम करतो ते दाखवणारा) झाला, भाषा डावीकडेच आहे. मग डॉक्टरांनी लेझरचं सांगितलं. डोक्याच्या मागून बारीक छिद्रातून तार घालून तेवढा हिप्पोकॅम्पसचा भाग आतून तापवून निकामी करतात. झटके थांबण्याची शक्यता मोठ्या ऑपरेशनपेक्षा काहीशी कमी, पण नावं जायचा धोकाही कमी. लेझरने भागलं नाही तर मोठं नंतर करता येतं. दोन्हींवर त्यांच्या सगळ्या टीमची मीटिंग आहे या महिनाअखेर.

कोरा_कागद

बहिणीला तुझा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली सांग तिला, फोटोंची यादी ऑपरेशनच्या आधीच करून ठेव, स्वतःच्या हाताने लिहिलेली. नंतर दुसऱ्याच्या अक्षरातली वाचली की परकं वाटतं. आणि सुरुवात रोजच्या माणसांपासून कर, लांबच्यांची नावं गेली तर चालतं.

शब्दवेडी

त्यांना माझा नमस्कार सांगा. आजच वही घेते. पहिल्या पानावर मुलीचं लिहिणार आहे.

मनमोकळा

मुलीचं नाव विसरणार नाहीस तू.

शब्दवेडी

विसरणार नाही म्हणूनच पहिलं लिहितेय. पान रिकामं बघवत नाही.

घड्याळवाला

लेझर काय किंवा मोठं काय, मीटिंगला घरातलं कुणीतरी बरोबर ने आणि त्यांना लिहायला सांग. आपण पेशंट असलो की निम्मं कानावरून जातं, आम्ही तिघं गेलो होतो तरी दोघांनी वेगवेगळं ऐकलं होतं.

शब्दवेडी

हो काका, नवरा येतोय. मुलगी पण म्हणतेय येते, कॅलेंडर तीच नेणार आहे.

रानवारा, एक छोटंसं विचारायचं राहिलं. मीटिंगमध्ये मोठंच करायचं ठरलं तर? मला चष्म्याशिवाय एक ओळ वाचता येत नाही, आणि चीर कानाच्या पुढून वर जाते म्हणालास. दांडी नेमकी तिथेच टेकते. चष्मा किती दिवस घालता आला नाही तुला?

रानवारा

साधारण तीन आठवडे नीट बसत नव्हता. सूज कानाच्या वरच असते आणि टाके निघेपर्यंत दांडी टोचते. मी जुना चष्मा घेतला, त्या बाजूची दांडी काढून टाकली आणि दुसऱ्या बाजूला मऊ दोरी बांधून मानेमागून घेतली. तिरका बसायचा पण वाचता यायचं. तुझी डावी बाजू आहे, म्हणजे डावी दांडी काढायची. जुना चष्मा असेल तर टाकू नकोस, आणि तो छोटा स्क्रू आहे ना, तो एका डबीत घालून ठेव, माझा हरवला होता.